पाळकसाहेबांचा छातीएवढा गमबूट

मी एक जुना गमबूट आहे, आणि माझी गोष्ट ऐकून आजवर एकाही माणसाने ‘हो, असं झालं असेल’ असं म्हटलेलं नाही. तुम्हीही म्हणणार नाही, मित्रांनो. मुळात बूट बोलतो म्हटल्यावरच निम्मे लोक उठून जातात. चारशे माणसं पाण्यात बुडवली आणि त्यातलं एकही मेलं नाही, असं सांगितलं की उरलेले निम्मे जातात. तुम्ही अजून खोक्यांवर बसून आहात, म्हणजे एक तर तुम्ही धीराचे आहात, नाहीतर बाहेर तुमच्या बाई धडा पाठ करून घेतायत आणि तुम्ही तो चुकवताय. असो. मी शपथ घेणार नाही. मी पाळकांच्या घरात वाढलो आणि त्या घरात शपथ घ्यायला मनाई होती. खोटं बोलायलाही होती, पण ती माणसांना. बुटांविषयी कुणी काही बोललं नव्हतं.

गमबूट म्हटलं की तुम्हाला गुडघ्यापर्यंतचं काळं नळकांडं आठवतं. ती आमच्यातली गरीब भावकी. मी छातीएवढा आहे. खाली दोन बूट, त्यांनाच जोडलेली वर रबरी विजार आणि खांद्यांवरून घ्यायचे दोन पट्टे. मला घालून माणूस छातीभर पाण्यात उभा राहिला तरी आत त्याचे मोजे कोरडे.

माझा जन्म कारखान्यात झाला. उकळत्या रबरातून बाहेर आलो तेव्हा मी इतका चकाकत होतो, की मुकादमाने माझ्यात बघून भांग पाडला. पुढे मला एका मासेवाल्याने नेलं. त्याच्याबरोबर मी सहा वर्षं तलावात काढली. एकदा म्हशीएवढ्या माशाने माझा उजवा पाय गिळला होता. डाव्या पायाने एकट्याने मासेवाल्याला, उजव्या पायाला आणि त्या माशाला काठावर ओढत आणलं. बरं, म्हशीएवढा नसेल. रेडकाएवढा म्हणा. एका पैचीही सूट आता मिळणार नाही.

तर हा मासेवाला एका रविवारी चर्चमध्ये गेला. ती बॅप्टिस्ट मंडळी. त्यांची रीत निराळी, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. ते लोक तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावून भागवत नाहीत. माणसाने कळत्या वयात स्वतः उठून यायचं, डीकनांसमोर, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांसमोर, आपली साक्ष द्यायची. आपल्या आयुष्यात काय घडलं आणि आपण का आलो ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते पटलं, तर सगळ्यांच्या देखत अख्खंच्या अख्खं पाण्याखाली जायचं. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली एक हौद बांधलेला असतो. एरवी त्याच्यावर उभं राहून पाळक प्रवचन करतात आणि खाली हौद आहे हे कुणाच्या गावीही नसतं. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी फळ्या काढायच्या, रबरी नळी सोडायची आणि हौद भरायचा. आणि ह्यात वशिला चालत नाही. बाप पाळक असला तरी पोराला रांग मोडता येत नाही.

मासेवाल्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेब पँटवर पाण्यात उतरले होते. गारठा असा, की प्रार्थना म्हणताना त्यांचे दात वाजत होते. मग ते ओले कपडे बदलायला गेले आणि तोवर मंडळीने एकच गीत चार वेळा म्हटलं. पुढच्या रविवारी मासेवाला मला खांद्यावर टाकून आला.

“पाळकसाहेब, हा घ्या. तुम्ही आत्मे वाचवता, तुमचे गुडघे कोण वाचवणार?”

असा मी धर्माच्या कामाला लागलो. झग्याच्या आत मला घालायचं, पाण्यात उतरायचं, काम झालं की पट्टे सोडायचे, आणि खाली कोरडी पँट! दोन मिनिटांत पाळकसाहेब काळे बूट चढवून व्यासपीठावर हजर. त्या काळ्या बुटांचा मला फार राग यायचा. घाण कामाला मी आणि प्रवचनाला ते! त्यांना ब्रश, त्यांना पॉलिश, रविवारी सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. माझा मात्र झग्याखाली कुणाला पत्ता नाही.

पण मलाही माझं सुख होतं. बाप्तिस्मा झाला की संध्याकाळी पाळकसाहेब मला मांडीवर घ्यायचे. फडक्याने आतून-बाहेरून पुसायचे आणि रबर चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर लावायचे. हळूहळू, घड्या उलगडून. मग अभ्यासिकेच्या दारामागे, खिळ्यावर टांगायचे. जगात ह्या माणसाला माझ्याइतकं जवळचं कुणी नाही, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

आणि एका सकाळी घरात मुलगी जन्माला आली.

मित्रांनो, मी काय सांगू! माझी पावडर, माझा डबा, त्या डब्यातून ती चिमूटभर पोर पांढरी होऊ लागली. घड्या उलगडून! मानेखाली, काखेत, पावलांना. मी खिळ्यावरून बघत होतो आणि माझं रबर जळत होतं. रबर जळतं तेव्हा कसा वास येतो ठाऊक आहे ना? पाळकीणबाई दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आल्या, काही लागलंय का बघायला.

मुलगी लहानखुरी, शांत, पण डिवचलं की कडकडून चावायची. म्हणून आईने तिचं नाव मुंगी ठेवलं. तिच्यावर जळण्यात माझी सात-आठ वर्षं गेली. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की मी जिच्यावर जळतोय ती स्वतःच कुणावर तरी जळतेय. आणि माझ्यापेक्षा जास्त.

पाळकाचं पोर होणं सोपं नसतं. त्यांचं घर चर्चच्या भिंतीला भिंत लावून, आणि घर मंडळीच्या मालकीचं. मुंगीच्या खोलीला कुठला रंग लावायचा ह्यावर कमिटीच्या तीन सभा झाल्या. तिला निळा हवा होता. सभेने पाच विरुद्ध चार मतांनी फिकट शेवाळी मंजूर केला. चर्चमध्ये तिने पहिल्या बाकावर बसायचं. जांभई दिली तर मागून कुजबुज, “पाळकांची मुलगी ना ही?” पाहुण्यांच्या पोराने तिचं खेळणं मागितलं की आई डोळ्यांनीच सांगायची, दे. तिने उत्तर पाठ केलं तर त्यात नवल काय, पाळकांचीच तर पोर. चुकली तर नवलच, पाळकांची पोर असून!

हे सगळं तिने गिळलं असतं. तिला खुपायचे ते बाबा. घरात होते आणि नव्हते. जेवायला बसले की दारावरची घंटा वाजायची. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाची म्हातारी जातेय, कुणाच्या मुलाला नोकरी लागत नाहीये. बाबा घास खाली ठेवून उठायचे, अभ्यासिकेत नेऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे. तोच हात मुंगीच्या डोक्यावर यायचा, पण जाता जाता. दाराच्या मुठीवर यावा तसा.

एकदा ती आईकडे कुरकुरली, तर पाळकीणबाई हसून म्हणाल्या, “मंडळीसारखी वेळ मागून घे.”

आईने थट्टा केली, मुंगीने मनावर घेतलं. तिने अभ्यासिकेत येऊन बाबांची डायरी उघडली आणि मंगळवारी चार वाजताच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं, ‘मुलगी’. मंगळवारी पावणेचारला ती केस विंचरून अभ्यासिकेबाहेर येऊन बसली. सकाळीच दूधवाल्याचे वडील वारले होते. बाबा मागच्या दाराने कधीच गेले होते. डायरीत त्या ओळीवर ‘अंत्यविधी’ असं पेनने लिहिलेलं होतं, आणि पेन्सिलीवर पेनचं काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण तिला सगळ्यांत जास्त छळायचा तो हौद. उमेदवार पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या उतरून येई. बाबा डावा हात त्याच्या मानेखाली घेत, उजव्या हाताने त्याच्या नाकावर रुमाल धरत, आणि त्याला मागे झुकवण्याआधी त्याच्या कानात दोन वाक्यं म्हणत. बाकावरच्या लोकांना ती ऐकू येत नसत. मुंगी पहिल्या बाकावर, तिला ऐकू येत.

“भिऊ नकोस. मी धरलंय.”

सुताराला म्हटलं. नर्सबाईंच्या भावाला म्हटलं. मळक्या दाढीच्या ट्रकवाल्याला म्हटलं, ज्याला त्याआधी कुणी बसमध्ये शेजारी बसू दिलं नसतं. मुंगीला कधी म्हटलं नव्हतं. ती दहा वर्षांची होती. तिने मनात हिशेब केला, की ह्या वाक्यापर्यंत पोचायला एकच रस्ता आहे आणि तो पाण्यातून जातो.

त्याच महिन्यात शिंपीकाकांची मुलगी, मुंगीच्याच वर्गातली, बाप्तिस्मा मागायला आली. झालं! मुंगीच्या पोटात जे दुखू लागलं ते औषधवाल्या काकांच्या कुठल्याही बाटलीने थांबलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिनेही नाव दिलं.

डीकनांची बैठक अभ्यासिकेत भरली. टेबलामागे पाळकसाहेब, एका बाजूला औषधवाले काका आणि नर्सबाई, दुसऱ्या बाजूला निवृत्त हेडमास्तर. दारामागे मी. शिंप्याची मुलगी आधी आली. ती म्हणाली, “मला भीती वाटली की मी प्रार्थना करते, आणि मग कमी वाटते.” एवढंच. सगळ्यांनी माना हलवल्या. ती गेली.

मग मुंगी आली. आता मुंगीने आयुष्यात शंभरावर साक्षी ऐकलेल्या होत्या. उत्तम साक्ष कशाने होते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हात मागे बांधून तिने सुरुवात केली.

“मी पूर्वी फार वाया गेलेली होते.”

नर्सबाईंनी खोकल्यासारखं केलं.

“किती वर्षांपूर्वी ग?” औषधवाल्या काकांनी विचारलं.

“खूप. मला दारूचं व्यसन होतं. घरी मारझोड करायचे. सगळा पगार पत्त्यांत जायचा. बायको माहेरी निघून गेली.”

“अरेरे!” हेडमास्तर म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते.

“मग एक दिवस मला ट्रकने उडवलं आणि इस्पितळात माझे डोळे उघडले.”

“कसला ट्रक होता?”

“लाल,” मुंगी म्हणाली.

तेव्हा हेडमास्तरांचा धीर सुटला. ते असे हसले की त्यांची कवळी टेबलावर येऊन पडली आणि ती सुद्धा दोन मिनिटं हसत होती. औषधवाले काका डोळे पुसत होते. नर्सबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. हसत नव्हते फक्त पाळकसाहेब.

“मुंगी,” ते म्हणाले, “ह्यात तुझं स्वतःचं काय आहे?”

तिने पुष्कळ विचार केला.

“ट्रकचा रंग,” ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. “उमेदवार अजून तयार नाही. पुढे पाहू.”

उमेदवार! माझ्याच्याने खोटं सांगवत नाही, मित्रांनो, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. बरी जिरली, म्हटलं. पावडर लावून घेते! पण मुंगी दारातून बाहेर पडताना मी तिचं तोंड बघितलं आणि माझं बरं वाटणं पट्ट्यांपाशीच अडकलं.

शनिवारी हौद भरत होता. घरात कुणी नव्हतं. मुंगी अभ्यासिकेत आली, दार लोटलं, आणि कंपासपेटीतलं करकटक काढून तिने माझ्या डाव्या पायाला घोट्याच्या वर भोसकलं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी दात-ओठ खात ती म्हणत होती, “मी धरलंय! मी धरलंय! मी धरलंय!”

मी ओरडू शकलो असतो. सहा वर्षं माशांना घाबरवलेला आवाज आहे माझा. ओरडलो नाही. का, सांगू? मला वाटलं, आता ही पकडली जाईल. आता बाबांना कळेल की त्यांचं कोण आहे आणि कोण नाही. असला माझा स्वभाव. तुम्ही घेऊ नका.

रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी मला चढवलं, वरून झगा घातला आणि ते हौदात उतरले. पहिल्या उमेदवाराला पाणी माझ्या घोट्याशी आलं. म्हणजे आतून. दुसऱ्याला गुडघ्याशी. तिसरी शिंप्याची मुलगी. ती पायऱ्या उतरेपर्यंत माझा डावा पाय मांडीपर्यंत भरला होता आणि उजव्याने शेजारधर्म म्हणून घ्यायला सुरुवात केली होती. पाळकसाहेबांनी तिच्या मानेखाली हात घेतला, “भिऊ नकोस, मी धरलंय” म्हणाले, तिला पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. तिला पायऱ्यांवरून तिच्या आईच्या टॉवेलात पोचतं केलं. मग स्वतः वळायला गेले. आणि वळलेच नाहीत. भरलेला गमबूट म्हणजे काय असतं ते मासेवाल्याला विचारा. दोन पायांना दोन माठ बांधल्यासारखं.

मंडळी गीत म्हणत होती. शेवटचं कडवं संपलं. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी इकडे-तिकडे बघून ते पुन्हा धरलं. पुन्हा संपलं. पुन्हा धरलं.

“पाळकसाहेब, वर या ना,” हेडमास्तर हौदाच्या काठावर वाकून कुजबुजले.

“येतोय.”

“कधी?”

“पाय येत नाहीयेत.”

अकराव्या वेळी तेच कडवं चालू असताना शिंपीकाका आणि मासेवाला दोघांनी माझे पट्टे धरून ओढलं. मी ताणलो, ताणलो, आणि पाळकसाहेब बाटलीच्या बुचासारखे निघाले ते थेट गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत. माझ्यातून चाळीस बादल्या पाणी सांडलं. चार बाक वाहून दारापर्यंत गेले. बरं, बाक नव्हते, चटया होत्या. पण गेल्या.

लोक हसले, आणि मायेने हसले. पहिल्या बाकावर बसलेली मुंगी मात्र हसली नाही. तिला वाटलं होतं तिला हसू येईल. तिने बाबांचे ओठ बघितले होते. ते जांभळे पडले होते.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांना ताप भरला. तो आठ दिवस उतरला नाही. छातीत कफ, नर्सबाईंच्या सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. आणि गंमत बघा मित्रांनो, जी तिला हवी होती तीच गोष्ट घडली. बाबा आठ दिवस घरात! पण आठ दिवस अख्खी मंडळी पण घरात. खाटेभोवती खुर्च्या, खुर्च्यांमागे उभी माणसं. मुंगीने आठ दिवस लोकांना चहा नेऊन दिला आणि रिकामे कप परत आणले. तेवढंच दर्शन.

खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं, हे सांगायला हवं का?

“रबरच ते. कुजलं,” औषधवाले काका म्हणाले.

“आजकालचा मालच तसला,” शिंपीकाका म्हणाले. मला, आजकालचा माल!

मुंगी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं. मिटलं. मी केराच्या डब्याशेजारी गेलो. तिथून मला मंडळीतल्याच पंक्चरवाल्याने उचललं. त्याने मला पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघितले, आणि एका रेषेतली तीन भोकं बोटाने मोजली. मग सायकलीच्या ट्यूबचं मोठं ठिगळ लावलं आणि मला परत आणून दिलं. “रबर ठणठणीत आहे, साहेब,” एवढंच तो म्हणाला. त्या माणसाला लोक नुसता पंक्चरवाला म्हणतात.

त्यानंतर चार वर्षं गेली. मी पुन्हा कामाला लागलो आणि एक थेंब आत घेतला नाही. मुंगीने पुन्हा नाव दिलं नाही. तिच्या मागून आलेली मुलं पाण्यात जाऊन आली. मंडळीत कुजबुज व्हायची, “पाळकांची मुलगी असून अजून नाही?” आई कधी तिला विचारायची नाही आणि बाबा तर नाहीच. त्यांच्यात तो विषयच निघत नसे. पण ती अभ्यासिकेत यायची, पुस्तकं झटकायला म्हणून, आणि झटकता झटकता माझ्या ठिगळाकडे बघायची. मी काय, मीही तिच्याकडे बघायचो. दोन चोर एकमेकांकडे बघतात तसे.

चौदाव्या वर्षी तिने नाव दिलं. तेच टेबल, तेच डीकन. हेडमास्तरांनी ह्या वेळी कवळी घट्ट बसवून आणली होती.

मुंगीचे हात मागे नव्हते. ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

“मी दारू प्यायले नाही,” ती म्हणाली.

हेडमास्तर हसण्याच्या बेतात होते, पण हसले नाहीत.

“बाबांचा गमबूट मी फोडला. करकटकने. तो कुजला नव्हता. शिंपीकाकांच्या मुलीला बाबा धरणार होते आणि मला नव्हते धरणार, म्हणून फोडला. बाबांना ताप आला तेव्हा तुम्ही सगळे बुटाला नावं ठेवत होतात आणि मी चहा देत होते. मला सगळ्यांचा हेवा वाटतो. तुमचाही, नर्सबाई. बाबा तुमच्या भावाला भेटायला दर गुरुवारी जातात. मला अजून वाटतो. हेवा गेलाय म्हणून मी आले नाहीये. जात नाहीये, म्हणून आलेय.” तिने बाबांकडे बघितलं. “हे माझं स्वतःचं आहे.”

बाहेर दारावरची घंटा वाजली. पाळकसाहेब उठले नाहीत. घंटा पुन्हा वाजली. ते उठले नाहीत.

“चार वर्षं,” ते म्हणाले, “मला वाटत होतं रबर जुनं झालं.”

“नाही, बाबा.”

“हो. आता कळलं.”

औषधवाल्या काकांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, “उमेदवार तयार आहे असं माझं मत.” नर्सबाईंचा हात वर गेला. हेडमास्तरांचे दोन्ही गेले.

पुढे पाळकसाहेब थकले. नवे पाळक आले, त्यांच्या पायाचं माप मला होईना. मग ह्या सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांबरोबर माझी रवानगी झाली. पावडर नाही, फडकं नाही. माझ्या उजव्या पायात उंदरांचं एक कुटुंब राहतं, आणि डाव्या पायात त्यांचे व्याही. पण ते राहू दे. मला तुम्हाला तो एक दिवस सांगायचा आहे. दार उघडलंय, तुमच्या बाई दारात येऊन उभ्या आहेत. तुम्हाला शोधत आल्या असणार. उभ्या राहू देत. एवढं ऐकून मग जा.

त्या रविवारी सकाळी पाळकसाहेबांनी मला खिळ्यावरून काढलं. माझ्या ठिगळावरून अंगठा फिरवला. मग मला चढवलं, वर झगा, आणि आम्ही उतरलो. मुंगी पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या उतरून आली. हौद काठोकाठ, पाणी बर्फासारखं. पण आम्ही दोघं, मी आणि पाळकसाहेब, खांबासारखे उभे. त्यांनी तिच्या मानेखाली हात घेतला. ती कापत होती. पाण्याखालून तिने हळूच माझ्या ठिगळाला हात लावला, जणू माफी मागत होती, आणि मी तिला माफ केलं. मोठ्या मनाने केलं. पाळकसाहेब म्हणाले, “भिऊ नकोस. मी धरलंय.” तर मित्रांनो, तिला बाबांनी धरलं हे सगळ्यांनी बघितलं, पण बाबांना कुणी धरलं होतं? मी! एक थेंब आत येऊ दिला नाही. तो दिवस माझ्याशिवाय झालाच नसता. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका. त्यांना पुसा, त्यांना पावडर लावा. तुमच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी त्याच तुमच्या बाजूला उभ्या...

“खोटं! साफ खोटं!” दारातून बाई म्हणाल्या. “मुलांनो, ह्या थापाड्याचं काही ऐकू नका. बाबांनी ह्याला खिळ्यावरून काढलं इथवर खरं. मी तिथेच होते. ठिगळावर अंगठा फिरवला आणि ह्याला परत खिळ्याला लावून टाकलं. आई म्हणाली, अहो, बूट? तर म्हणाले, आज नको. ते नुसत्या पँटवर उतरले, अनवाणी. दात वाजत होते त्यांचे. मला मागे झुकवायच्या आधी मी खाली बघितलं, तर पाण्यात त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. थंडीने आखडलेली. दहाही.”